गिधाडांच्या घरातला न्याय

मागच्या भागात लेखकाचं खासगी चारित्र्य आणि त्याचं लेखन वेगळं केलं. आता अवघड प्रश्न. पुस्तकात किळस यावी असं कृत्य घडत असेल, तर त्या पुस्तकाला अनीतिमान म्हणायचं का? विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' हे नाटक 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. त्यात पैशासाठी मुलगे बापाला बडवतात, बहिणीच्या, माणिकच्या, पोटावर लाथा घालून तिचा गर्भ पाडतात. माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला नाट्यप्रयोग तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. मग डाग निळा झाला आणि हा निळा डाग लाल समजावा, असं प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं. या डागापुरता तरी मंडळाचा आक्षेप रंगावर होता. रंग बदलला म्हणून कृत्य बदललं नाही.

कृत्याची नीती एक आणि ते सांगण्याची नीती दुसरी. निवाडा दुसरीचा करायचा, आणि त्यासाठी लेखक आपल्याला कुणाच्या शेजारी बसवतो ते पाहायचं. या नाटकात घरची सून रमा नवऱ्याला फसवून सासऱ्याच्या अनौरस मुलाशी, रजनीनाथशी नातं जोडते. समाजाच्या हिशेबात हे पाप. पण त्या घरात माया उरली आहे ती एवढीच. उलट भावांची नाती कागदोपत्री अगदी शुद्ध. रजनीनाथ सगळं पाहतो, त्यावर कविता करतो आणि थांबवत काहीच नाही. प्रेक्षक बसतो तो नेमका त्याच्या शेजारी. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी बांधावरून, घराच्या वाटणीवरून एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ कुणाला नवे नाहीत. त्यांचं भांडण गल्लीच्या तोंडावरून ऐकणारे आपणही त्याच रांगेतले.

कुणी म्हणेल, मग 'साहित्य' अशी पाटी लावली की काहीही खपेल. नाही खपणार. मारणाऱ्याच्या हाताला चव आणणारं आणि मार खाणाऱ्याला नुसती वस्तू करणारं लेखन याच कसोटीवर आपटतं, मग त्यात रक्ताचा थेंबही नसो. दुसरा आक्षेप कोवळ्या वाचकाचा. तो खरा आहे, पण तो पुस्तक कुणाच्या हाती कधी द्यावं याबद्दल आहे. पुस्तक वाईट असल्याचा तो पुरावा नव्हे. कोर्टातलं उदाहरण घ्या: 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये निर्दोष सोडलं, तेही कथा थोर आहे म्हणून नव्हे, तर ती वाचकाची वासना चाळवण्यासाठी लिहिलेली नाही म्हणून. न्यायाधीशांना सुट्या वाक्यांवर न थांबता अख्खी कथा वाचता येते, तर आपल्याला का येऊ नये?

पुढच्या आठवड्यात भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका'. ती मिळवा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचूनच या.