एलआयसीचे मोठे गिऱ्हाईक कोण?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भांडगावातही एलआयसीची पॉलिसी नवी नाही. मे 2022 मध्ये पॉलिसीधारकांना 60 रुपयांच्या सवलतीत एलआयसीचा शेअरही मिळाला. सवलतीआधीचा भाव होता 949 रुपये.

म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार असे मोठे खेळाडू हा शेअर घेतात की विकतात, हे मोबाइलवर फुकट पाहता येते. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनीला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराला द्यावा लागतो. एखाद्याने एकाच दिवसात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरचा व्यवहार केला, तर तो त्याच दिवशी ‘बल्क डील’ म्हणून जाहीर होतो.

पण तक्ता तिमाहीअखेरचा फोटो आहे. मधली उलाढाल त्यात दिसत नाही. शिवाय सरकारने विकला अवघा साडेतीन टक्के हिस्सा. बाजारात माल इतका कमी, की थोडी विक्रीही भाव हलवते. ‘अँकर’ म्हणजे सर्वांसाठी विक्री खुली होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या गुंतवणूकदारांवरचे महिन्याचे विक्रीबंधन सुटले, त्या 13 जून 2022 रोजी भाव 700 च्या खाली घसरला. ही तारीख आधीच ठाऊक होती! टीव्हीवरच्या टिपांपेक्षा अशा तारखा माझ्या मते जास्त कामाच्या.

पुढची तारीख 16 मे 2027. तोवर किमान 10 टक्के हिस्सा जनतेकडे असावा, अशी मुदत शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने दिली आहे.