कच्चा सांधा आणि न विझणारी आग

बदलापूरहून निघालेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर करीत मुंबईकडे जाते. प्रत्येक स्थानकात थांबताना आणि सुटताना डब्यांना हिसके बसतात. तरी डबे सुटत नाहीत, कारण त्यांचे कपलिंग पक्के असते. तुमच्या हृदयाचेही असेच आहे. त्याच्या स्नायूतील पेशी ‘डेस्मोसोम’ नावाच्या सांध्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हृदयाचे दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात; म्हणजे एक लाख हिसके!

हे सांधे प्रथिनांचे असतात. प्रथिने बनविण्याची कृती जनुकांत असते. आईवडिलांकडून आलेल्या कृतीतच चूक असेल तर सांधा कच्चा राहतो. ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरच्या काही कुटुंबांत असा हृदयविकार आढळल्याचे १९८६ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे केस लोकरीसारखे होते, तळहात-तळपाय जाड होते. हे कसे? त्वचेच्या पेशींनाही हेच सांधे जोडतात! २००० साली सांध्यातील ‘प्लाकोग्लोबिन’ या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला.

आता दाहाकडे वळू. पायात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी धावून येतात, सफाई करतात आणि दाह शमतो. कच्च्या सांध्यांच्या हृदयात मात्र इजा रोजचीच, म्हणून ही आग विझतच नाही. मेलेल्या पेशींच्या जागी चरबी आणि तंतू साठतात. तेथे विजेचा संदेश अडखळतो, ठोके बिघडतात. २०१९ साली दिसून आले, की सदोष स्नायुपेशी स्वतःच दाहाचे संदेश सोडतात. उंदरांत हे संदेश रोखताच हृदयाची हानी घटली. माणसांवर हा उपाय अजून सिद्ध व्हायचा आहे.

म्हणजे जनुकातील दोष ही सारी कथा नव्हे. हृदयस्नायूच्या दुसऱ्या एका प्रथिनाचेच पाहा. त्याच्या जनुकातील २५ अक्षरे सुमारे ४ टक्के भारतीयांत गळालेली असतात, असे हैदराबादच्या सीसीएमबीतील कुमारसामी थंगराज व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले. तरी त्यांतील अनेकजण ठणठणीत असतात.

धावताना कोणी एकाएकी बेशुद्ध पडले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कच्च्या सांध्यांवर कठोर व्यायामाचा ताण अधिक पडतो. शिक्षकांना सांगा, डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्या. सांधा बदलता येत नाही. पण तो कच्चा आहे हे वेळीच कळले, तर जीव वाचू शकतो.