घंगाळातले झाड आणि पितळेचे तडे

तुमच्या घरी माळ्यावर एखादे पितळी घंगाळ पालथे पडले आहे का? न्हाणीत प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि घंगाळे, हंडे, कळश्या माळ्यावर गेल्या. कित्येक मोडीत निघाल्या. हल्ली मात्र हौशी मंडळी अशी भांडी शोधून आणतात, चिंच लावून लखलखीत घासतात आणि त्यांत झाडे लावतात. शोभा येते, यात शंका नाही. पण पितळेचे आणि खतामातीचे जमते का?

याचे उत्तर एका लष्करी कोड्यात आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवून ठेवली, की त्यांना आपोआप तडे जात. कोणी आपटले नाही, ठोकले नाही, तरी तडे! बरीच काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. या ‘मोसमी तड्यां’चा नीट उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. गुन्हेगार होता अमोनिया. घोड्यांच्या मुतातील युरियापासून तो तयार होई आणि दमट हवेत पितळेवर हल्ला करी.

आता असे पाहा. काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. (जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळून वाफ होते, म्हणून ते धातुकातून मिळवणे अवघड. ही वाफ थंड करून जस्त मिळवण्याची विद्या राजस्थानातील जावर येथे कित्येक शतकांपूर्वी अवगत होती. नावावरून फसू नका. ते जावर, आपले जव्हार नव्हे!) थंड पितळ दाबून किंवा ठोकून आकार दिला, की त्यात अंतर्गत ताण उरतो, ओढून बांधलेल्या दोरीसारखा. अमोनिया, ओलावा आणि हवेतील ऑक्सिजन मिळून पितळेच्या स्फटिककणांमधल्या सीमा कोरू लागतात. ताण त्या चिरा उघडत नेतो. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया एवढे नुकसान करत नाही; दोघे एकत्र आले की धातू फाटतो.

आपले घंगाळही ठोक्याचे! पुण्याच्या तांबट आळीत चालणारे मठारकाम पाहिलेत, तर ठोके देता देता कडक झालेला पत्रा कारागीर भट्टीत तापवून मऊ करताना दिसतील. मात्र अखेरचे ठोके थंड पत्र्यावरच पडतात. त्यांचा ताण भांड्यात राहतो. काडतुसांवर उपाय निघाला तोही तापवण्याचाच. सुमारे २५० ते ३०० अंशांवर काही वेळ ठेवले, की ताण बराच सैल होतो.

समजा, जव्हार तालुक्यातील साखरशेत गावी एका घराच्या पडवीत असे घंगाळ आहे. चार महिने धो धो पाऊस, हवा ओली, शेजारी गोठा, आणि घंगाळात ताजे शेण घातलेली माती. सकाळी गोठ्यात नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचाच. पागेची सारी सामग्री हजर! वरून कोणी हौसेने युरिया टाकला, तर विचारूच नका.

झाडाच्या बाजूनेही पाहू. पितळी भांड्यात ताक कळकते, कारण आम्लात तांबे विरघळते. आम्लधर्मी ओल्या मातीतही थोडे थोडे तांबे उतरते. झाडाला तांबे लागते ते अगदी लेशमात्र. जास्त झाले तर मुळांची वाढ खुंटते. शिवाय पितळ उष्णतेचे उत्तम वाहक आहे. उन्हात ठेवलेले घंगाळ मुळांना चटके देते. मातीची कुंडी मात्र पाझरते आणि बाष्पीभवनाने थंड राहते.

तेव्हा झाड कुंडीत लावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवा. तळाशी खडे पसरा, साचलेले पाणी ओतून टाका, खत चांगले कुजलेले वापरा. घंगाळाला भोक पाडण्याची काहीच गरज नाही.

भांडे खरेच पितळेचे आहे का, हे आधी पाहा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. लहान लोटा असेल तर त्याचे वजन करा. मग तो काठोकाठ भरलेल्या पातेल्यात हवा न अडकवता बुडवा आणि सांडलेले पाणी मोजा. ४२५ ग्रॅमच्या लोट्याने ५० घनसेंटिमीटर पाणी सांडले, तर घनता ८.५ आली, पितळेची साधारण तेवढीच असते.

आणि टिचकी मारा. धड भांडे खणखणते. तडा असेल तर त्याच्या कडा एकमेकींवर घासून कंपने लवकर विरतात आणि आवाज बद्द येतो. घंगाळ रिकामे करून, उचलून धरून, मृगाआधी एकदा आणि दिवाळीला एकदा ही टिचकी मारून पाहा.