उन्हाळ्यात उघडणारा खड्डा

लॉस एंजेलिस शहरात, विल्शर बुलेव्हार्ड या गजबजलेल्या रस्त्यालगत, हॅनकॉक पार्क नावाचे उद्यान असून तेथे जमिनीच्या भेगांतून आजही डांबर पाझरते. भूगर्भातील खनिज तेल वर येता येता त्यातील हलके घटक उडून जातात आणि मागे जो काळा, चिकट, जड अंश उरतो, तेच हे नैसर्गिक डांबर. ‘ला ब्रेआ टार पिट्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे ठिकाण आणि तेथे 1977 साली उघडलेले जॉर्ज सी. पेज संग्रहालय लॉस एंजेलिस काउंटीच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयांच्या अखत्यारीत येतात. एरवी संग्रहालयाचे उन्हाळी उपक्रम शाळांच्या सुट्टीकडे पाहून आखलेले असतात; येथे मात्र उन्हाळ्याचा संबंध संग्रहाच्या जन्माशीच आहे.

थंडीत हे डांबर आवळते व त्यावर माती-पाचोळ्याचे पांघरूण बसते. ऊन तापले की ते वैशाखातल्या आपल्या डांबरी रस्त्यासारखे मऊ पडते, आणि मग त्याचा काही सेंटिमीटर जाडीचा थरही घोड्याएवढ्या जनावराचे पाय धरून ठेवण्यास पुरतो. हिमयुगाच्या उत्तरार्धात असा एखादा बायसन, म्हणजे रानगव्याच्या जातकुळीतला प्राणी, अडकला की त्याच्या आशेने शिकारी येत आणि तेही अडकत. म्हणूनच येथील सस्तन प्राण्यांच्या अवशेषांत सुमारे 90 टक्के मांसाहारी आहेत, जे कोणत्याही रानातल्या प्रमाणाच्या नेमके उलट आहे. डायर वुल्फ या नामशेष लांडग्याचे 4,000 हून अधिक आणि स्मायलोडॉन या लांब सुळ्यांच्या मार्जाराचे 2,000 हून अधिक प्राणी आजवर मोजले गेले आहेत. आवारातील तळ्यात बुडणाऱ्या मॅमथची प्रतिकृती आहे, तिच्यासमोर मुले सर्वांत जास्त रेंगाळतात. पण ते दृश्य दिशाभूल करणारे आहे, कारण बहुतेक जनावरे बुडून नव्हे, रुतून मेली, आणि ते तळे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील डांबराच्या खाणीत साचलेले पाणी आहे. त्यापेक्षा संग्रहालयातील डांबरात रोवलेला दांडा वर ओढून पाहण्याची सोय अधिक खरी आहे. जोर लावूनही तो रेंगाळत वर येतो, तेव्हा सापळा कसा असे ते हातालाच कळते.

1913 ते 1915 या काळात येथे 96 खड्डे खणले गेले व साडेसात लाखांच्या आसपास नमुने निघाले; परंतु त्या घाईत लक्ष मोठ्या, देखण्या हाडांवर होते आणि किडे, बिया, उंदरांचे दात मातीबरोबर फेकले गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी 1969 साली खड्डा क्रमांक 91 पुन्हा उघडण्यात आला आणि पुढे अनेक वर्षे, डांबर मऊ असताना, दर उन्हाळ्यात तेथे उत्खनन चालत असे व प्रेक्षक वरच्या सज्जातून ते पाहत असत. तळ चौकटींत विभागायचा, छिन्नी, लहान हातोडी आणि दंतवैद्याच्या टोकदार हत्यारांनी एकेक हाड मोकळे करायचे, उचलण्यापूर्वी त्याची जागा व कल मोजून नोंदवायचा, आणि पाझरून आलेले डांबर बादल्यांनी उपसायचे, असा हा क्रम. भोवतीची मातीही टाकून दिली जात नाही. विद्रावकाने, म्हणजे डांबर विरघळवणाऱ्या द्रवाने, ती धुतली की उरलेल्या रेतीतून सूक्ष्मजीवाश्म भिंगाखाली वेचता येतात. हे किचकट काम बरेचसे स्वयंसेवक करतात, तेही काचेच्या भिंतीआड, प्रेक्षकांच्या देखत.

2006 साली शेजारच्या कला-संग्रहालयाच्या भूमिगत वाहनतळासाठी खोदताना 16 नवे जीवाश्मसाठे लागले. बांधकाम अडू नये म्हणून ते आजूबाजूच्या मातीसकट 23 प्रचंड लाकडी पेट्यांत उचलून आणावे लागले, आणि त्यावरूनच या कामाला ‘प्रोजेक्ट 23’ असे नाव पडले. 2008 पासून या पेट्यांवर वर्षभर काम सुरू झाल्यामुळे उत्खनन पाहण्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मात्र त्यासाठी क्रमांक 91 चे काम काही वर्षे थांबवावे लागले आणि 2014 साली ते पुन्हा सुरू झाले.