ढोलकी कोण उचलतं?

प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना येत होती. माणदेशातल्या एका आठवडी बाजारात कलापथकाचा कार्यक्रम रंगला होता. सोंगाड्याने विचारलं, एचआयव्ही कशाने होतो? जमलेल्या माणसांनी पाढा म्हणावा तसं एका सुरात सांगितलं: असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला. डास चावल्याने होतो का? नाही. शेजारी बसल्याने? नाही. एका ताटात जेवल्याने? नाही, नाही! टाळ्या पडल्या, कार्यक्रम संपला, समोरच्या हॉटेलातून चहा आला. गावकऱ्यांना काचेच्या ग्लासात, कलापथकाला कागदी कपात. तोही अगदी आग्रहाने, साखर पुरे का असं वर विचारून.

उत्तरं पाठ असताना कप वेगळा का आला, हा प्रश्न मला सोडेना. म्हणून त्या कलापथकाच्या तालमींना जायला लागलो, आणि पुढे त्यांच्या जीपमधून गावोगावही.

कलापथक चालवणाऱ्या संस्थेचं नाव आणि कलाकारांची नावं लिहायची नाहीत, ही पहिलीच अट होती. ती रास्तच होती. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याची लागण जाहीर करता येत नाही आणि लागणीमुळे नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही, असं तो सांगतो. कलापथकाचा स्वतःचा नियम याहून साधा आहे: आपल्यात पॉझिटिव्ह कोण, हे कुणी विचारायचं नाही, ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. नऊ जणांपैकी उघडपणे सांगणारे दोघेच. एक ढोलकीवाले मामा, दुसऱ्या गाणाऱ्या अक्का.

तालीम रविवारी, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. पेटी, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, एवढाच सरंजाम. तमाशाचा साचा घेतलेला, पण कातरलेला: आधी गण, मग बतावणी, शेवटी एक गाणं. वग नाही, कारण वेळ पाऊण तासाचाच मिळतो. त्यातही ठरलेले मुद्दे यावेच लागतात: चार मार्ग, मोफत तपासणी, औषध देणारं एआरटी केंद्र, १०९७ हा मदतीचा क्रमांक. कार्यक्रम झाला की सरपंचाचा शिक्का, हजेरीची वही आणि जागेचा ठिकाणा उमटलेले फोटो पाठवायचे. मग बिल. ते कधी निघेल, या विषयावर प्रत्येक तालमीत एक बतावणी होते, आणि ठरवून बसवलेल्या बतावणीपेक्षा ती जास्त रंगते.

मामांचं वय साठीच्या आसपास. तालमीआधी ते बराच वेळ ढोलकीला देतात. कड्या सरकवायच्या, शाईवर बोट मारून कान लावायचा, मग धुमाकडे वळायचं. धुमाच्या आतल्या मसाल्याचा जुनाट, तेलकट वास वर्गभर पसरतो. तो वास आला की बाकीचे गप्पा आवरतात. मला त्या वर्गातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर तो वास.

मामा तरुणपणी तमाशाच्या फडात होते. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, यात्रा-जत्रा करत हिंडायचा, गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरायच्या. २००६ साली ताप हटेना म्हणून तपासणी झाली आणि निकाल आला. फडमालक वाईट माणूस नव्हता, असं मामा आवर्जून सांगतात. त्याने हिशेब चुकता केला, वर दोनशे रुपये दिले. "पण दोन दिस माझी ढोलकी तंबूत हुती तिथंच पडून. कुणी उचलंना. मला न्हाई, आवो, ढोलकीला कुणी शिवंना."

मोफत औषध देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झालं होतं, त्यामुळे मामा वाचले. पहिली सात वर्षं दिवसाला दोन गोळ्या, पुढची बारा वर्षं रोज एक. "साडेनऊ हजार गोळ्या खाल्ल्यात मी. हिशेब करून बघा." मी केला, दहा-वीस गोळ्यांचा फरक सोडला तर बरोबर आला. सुरुवातीच्या काळात स्टॅव्हुडिन नावाचं औषध देत. त्याने जीव तगायचा, पण गालांची चरबी झडायची. गाल बसले की चिठ्ठी न वाचताही गावाला कळायचं. ते औषध पुढे बंद झालं. आताच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असतात, आणि ती नियमाने घेतली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा होतो. तसा तो सापडेनासा राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. जगभरच्या मोठ्या अभ्यासांनी हे पक्कं केलं आहे. मामांच्या रक्तातही तो सापडत नाही. साडेनऊ हजार गोळ्यांनी विषाणूला गप्प बसवलं, तरी चहाचा कप वेगळाच येतो. त्या कपावर गोळी नाही, आणि कलापथकाचं काम तिथूनच सुरू होतं.

पण गाणं आपोआप चांगलंच काम करतं, असंही नाही. एका रविवारी संस्थेच्या कार्यकर्त्याने जुनी संहिता काढली. जागृतीची म्हणून वर्षानुवर्षं गायलेली. तिच्यात बाईच्या नादाने वाट चुकलेला गडी होता, त्याचं हाडकुळं मरण होतं आणि मागे रडणारी पतिव्रता होती. चाल झकास, ठेका उडता. अक्कांनी पहिलं कडवं ऐकलं आणि झांज खाली ठेवली. "हे म्या म्हणणार न्हाई."

अक्का एके काळी गल्लीत धंदा करत होत्या आणि ते लपवत नाहीत. सांगली जिल्ह्यात या गोष्टीला इतिहास आहे. धंदा करणाऱ्या बायकांनी १९९६ साली इथेच 'व्हॅम्प' ही आपली संघटना उभी केली. दारोदार जाऊन निरोध वाटले, गिऱ्हाइकांना नाही म्हणायला शिकल्या, एकमेकींना दवाखान्यात नेलं. अक्कांनी कार्यकर्त्याला एवढंच ऐकवलं, "निरोध वाटलं आमी. आणि गाण्यात रोग वाटणाऱ्या बी आमीच?" कार्यकर्त्याने संहिता पिशवीत घातली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

कवटी आणि हाडांची चित्रं लावून, मरणाची भीती घालून जागृती करण्याचा एक काळ होऊन गेला. भीतीने माणसं रोगापासून किती दूर राहिली ते सांगणं अवघड आहे. रोग्यापासून मात्र नक्की दूर राहिली. आणि या कामात कला निर्दोष होती असं म्हणवत नाही. घाबरवायला चाल लागलीच होती.

गाणं कुणाच्या तोंडून येतं यावर बरंच ठरतं. युगांडाचा लोकप्रिय गायक फिली लुटाया याने १९८९ मध्ये स्वतःला एड्स असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथे असं उघड बोलणारा नामांकित माणूस नव्हता. तो शाळांत, चर्चमध्ये गेला, एकटेपणावर गायला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला. लोकांना रोगाची माहिती आधीही होती. ओळखीचा चेहरा त्याने दिला. आपल्याकडे लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. २००९ मध्ये तिथल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला गावातल्या पालकांनी विरोध केला. पुढे याच 'सेवालया'ची मुलं 'हॅपी म्युझिक शो' घेऊन रंगमंचावर उभी राहिली. ज्यांच्या शेजारी आपलं मूल बसवायला लोक तयार नव्हते, त्यांना ऐकायला लोक समोर बसले.

समोर बसणं आणि शेजारी बसणं यांत अंतर आहे, ते मामांना कुणापेक्षाही चांगलं कळतं. म्हणून त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी एक गोष्ट घातली आहे. ती मंजूर संहितेत नाही.

ती मी एका गावात, मारुतीच्या पारावर पाहिली. हलगी वाजली, पोरं धावत आली, बाया कडेला डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या. या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामासाठी देशभर पांगलेली. सणाला आलेले काही गलाईवालेही गर्दीत होते. गण झाला. बतावणीत सोंगाड्याने मामांना छेडलं, "तपासणीत सापडत न्हाई म्हंजे? गेला कुठं?" मामा म्हणाले, "कुठं जातोय? झोपलाय. गोळी चुकली की उठतोय." हशा पिकला. मग मामांनी हात वर केला आणि सरळ सांगितलं की मला एचआयव्ही आहे, एकोणीस वर्षं झाली, साडेनऊ हजार गोळ्या खाल्ल्या, आणि आत्ता जी ढोलकी तुम्ही ऐकलीत ती मीच वाजवत होतो.

पार गप्प झाला. मामांनी ढोलकी गळ्यातून काढली, पुढे ठेवली आणि विचारलं, "तुमच्या भजनी मंडळात मृदंग कोण वाजवतंय? या. शेवटचं गाणं तुमी वाजवा."

प्रत्येक गावात असा एक हात असतो आणि तो कुणाचा हे गावाला माहीत असतं. माना एका माणसाकडे वळल्या. तो चाळिशीचा, टोपी घातलेला. तो जागचा हलेना. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. त्या माणसाच्या बायकोने की बहिणीने मागून काहीतरी म्हटलं, मग तो उठला, पारावर चढला आणि ढोलकीपाशी थांबला. उचलली. धुमावर थाप मारून पाहिली, मान हलवली, एक कडी सरकवली. मामांच्या ढोलकीचा सूर त्याला उतरलेला वाटला होता! मामा इतके खूश झालेले मी पुन्हा पाहिले नाहीत. अक्कांनी गाणं उचललं, मामांनी झांज घेतली, आणि मामा व तो माणूस एकाच माइकपुढे उभे राहून वाजवत राहिले.

सगळीकडे असं होत नाही. पुढच्याच गावात बराच वेळ कुणी आलं नाही, आणि मामांनी खाली वाकून आपली ढोलकी आपणच उचलली. परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. त्या गावातही चारही मार्ग सगळ्यांना पाठ होते. हजेरीची वही दोन्ही गावांत सारखीच भरली आणि फोटोही सारखेच दिसले. पहिल्या गावात ढोलकी उचलली गेली आणि दुसऱ्यात नाही, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. मला विचाराल तर तोच एक रकाना कामाचा आहे.

गाण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला समुपदेशक ताईंनी दाखवला. महिन्यातून एकदा रुग्णांचा आधारगट भरतो. पूर्वी बायका यायच्या नाहीत, कारण घरी काय सांगायचं? आता गटाची सुरुवात भजनाने होते. घरातून निघताना "भजनाला चाललेय" म्हटलं की सासू दुसरा प्रश्न विचारत नाही. तासभर भजन, मग गोळ्यांची विचारपूस. कुणाची गोळी चुकली, कुणाला उलट्या होतात, कुणाच्या मुलाला शाळेत काय बोललं गेलं, ते टाळ खाली ठेवल्यावर निघतं. ताई म्हणाल्या, "नुसतं बोलायला बसवलं की गप्प बसतात. गायला बसवलं की बोलतात." यात आध्यात्मिक काही शोधायला मी गेलो नाही. घराबाहेर पडायला एक सन्मानाचं निमित्त मिळतं, तेवढंही पुष्कळ आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतली चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. औषध फुकट आहे, कायदा आहे, माहिती तर बाजाराला तोंडपाठ आहे. एवढं असूनही आधारगटातल्या बाईला घरी भजनाचं नाव सांगावं लागतं.

तेव्हा माझं मागणं सरकारकडे कमी आणि मंडळांकडे जास्त आहे. गणेश मंडळं, भजनी मंडळं, यात्रा कमिट्या, सप्त्याचे आयोजक, या सगळ्यांकडे. अशा कलापथकाला एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, फलकापुढे उभं करून, हार घालून परत पाठवू नका. आपल्या रोजच्या भजनात त्यांना बोलवा, आपल्या मृदंगवाल्याला त्यांच्या शेजारी बसवा, कार्यक्रमानंतरची पंगत एकच ठेवा. आणि मामांसारख्या कुणी ढोलकी पुढे ठेवली तर वाट पाहायला लावू नका. उचला.