कोंबडी धुवावी की नाही?

चंदीगडमधल्या एका मराठी घरात रविवारी सकाळी वाद रंगला. सुनेने चिकनची पिशवी उघडली आणि तुकडे थेट दही-मसाल्यात टाकले. पुण्याहून आलेल्या सासूबाई चकित झाल्या. ‘‘अगं, न धुताच? रक्त लागलंय त्याला!’’ सून म्हणाली, ‘‘आई, धुतल्यानेच जंतू पसरतात.’’ त्या दुपारी सासूबाईंनी वरणभातच खाल्ला.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. जुलाब, उलट्या, ताप यांचे ते एक कारण. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टरच सापडला होता. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता, तरी हा जंतू किती त्रासदायक ठरू शकतो ते सासूबाईंना वेगळे सांगायला नको.

हे जंतू पाण्याने निघून जात नाहीत. उलट नळाच्या धारेखाली तुकडे धरले की शिंतोडे ओट्यावर, घासलेल्या भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कांद्या-मुळ्यावर उडतात. रस्सा उकळतो, मुळा मात्र मुले कच्चाच खातात!

म्हणजे सून जिंकली? तसेही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोंबडीला निरुपद्रवी जंतू लावून ते कुठे पोहोचतात हे पाहिले होते. धुणाऱ्यांपैकी 26 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये ते सापडले, पण न धुणाऱ्यांपैकीही 31 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये निघाले. कारण हात नीट धुतले नव्हते.

शिवाय आपल्याकडची कोंबडी बहुधा दुकानात समोरच कापून मिळते. एखादे पीस, हाडाची कपची, रक्त राहतेच. ते काढायचे तर नळ नको. कागदाने पुसा, किंवा पातेल्यातल्या पाण्यात तुकडे अलगद बुडवून काढा, पाणी हळूच ओता आणि सिंक साबणाने घासा. कोशिंबीर आधीच चिरून झाकून दूर ठेवा. कच्च्या मांसाला हात लागला की तेच हात मिठाच्या बरणीला लावण्याआधी साबणाने 20 सेकंद धुवा. हळद, मीठ, लिंबू यांनी चव येते, पण जंतू मारण्याचे काम त्यांच्यावर सोडू नये.

ते काम आचेचे. जानेवारी 2021 मध्ये चंदीगडलगतच्या पंचकुला जिल्ह्यातील पोल्ट्री फार्मांवर बर्ड फ्लू आढळला, तेव्हाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला अर्धकच्चे चिकन टाळण्याचाच होता. मांस आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवे. रश्शात ते सहज साधते, फसगत होते ती तंदुरीत. बाहेरून करपलेली तंगडी हाडापाशी कच्ची राहू शकते, म्हणून वाढण्यापूर्वी तिथे सुरी घालून बघावे.

आणि सिंक पुसलेल्या फडक्याने जेवणाचे टेबल पुसू नये. ते फडके उकळत्या पाण्यात टाकावे.