मृद्‌संधारणाच्या कामी गावचा तरुण

पहिला पाऊस पडला म्हणजे गावोगाव वृक्षारोपण होते. तरुण मंडळी उत्साहाने खड्डे घेतात, रोपे लावतात आणि घरोघर जातात. पुढील चैत्रात त्या जागी पाहावे, तर पुष्कळ ठिकाणी वाळलेल्या काड्याच उभ्या असतात. तरुणांस निसर्गाची आस्था नाही, असा निष्कर्ष मग वडीलधारी माणसे काढतात. परंतु तो बरोबर नव्हे. रोपास खरी गरज असते ती पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची आणि गुरांपासून राखणीची. हे काम कोणी करावयाचे, हेच मुळी ठरलेले नसते. संधारण एका दिवसाच्या समारंभाने होत नाही. वर्षभराची जबाबदारी सोपविल्याने होते.

त्यासाठी, ज्याचे फळ मोजून पाहता येईल असे काम निवडावे. समपातळी चर हे त्याचे चांगले उदाहरण होय. ए-फ्रेमच्या साहाय्याने उतारावर समान उंचीची रेषा आखावी व तीवर ६० सें. मी. रुंद आणि ३० सें. मी. खोल चर खणून माती उताराच्या खालच्या अंगास टाकावी. अशा चराच्या १ मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. म्हणजे १०० मीटर चर एकदा भरला की, १८,००० लिटर पाणी वाहून न जाता जमिनीत मुरण्यास थांबते. हा हिशेब तरुणांनी स्वतः केला म्हणजे आपल्या श्रमाचे मोल त्यांस कळते.

पाऊस ओसरल्यावर ओढ्याचा प्रवाह मंदावतो, तेव्हा वनराई बंधारा घालावा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून तोंडे शिवावीत आणि वीटकामाप्रमाणे सांधे चुकवून थर रचावेत. ओढ्याची धार कोठे टिकते, हे जुन्या शेतकऱ्यांस विचारूनच जागा निवडावी. उशीर झाल्यास अडविण्यास पाणीच उरत नाही. म्हणून हे काम थोड्या दिवसांत अनेक हातांनी उरकावे लागते.

काम झाल्यावर नोंद ठेवावी. पर्जन्यमापकावरील पाऊस रोज आणि ठराविक विहिरींची पातळी दर पंधरवड्यास मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचा अनुभव येथे बोलका आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे तेथे तरुण वयात सरपंच झाले. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीने पाणलोटाची कामे झाली. आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली. तेथे मोजमाप हे कागदावर न राहता निर्णयाचा आधार झाले.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची विद्यार्थी शिबिरे सात दिवसांची असतात. त्यांचा उपयोग चर खणण्यास जरूर करावा. मात्र शिबिर उठल्यावर चरातील गाळ काढणे व रोपे राखणे गावच्याच तरुणांकडे राहील, अशी योजना आधीच करावी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तरुणांस केवळ कुदळ देऊन भागत नाही. कोणत्या उतारावर चर घ्यावेत, कोणते रान चराईस बंद ठेवावे, यांविषयी ग्रामसभेत त्यांचे म्हणणे ऐकले जावे. ज्या निर्णयात त्यांचा वाटा असतो, त्याची राखण ते आपण होऊन करतात.